जुन्या होडीचे मोल

आमच्या कासुर्डीत होडी नाही. पुण्याहून सोलापूरच्या वाटेला लागले की उरुळी कांचन मागे पडते आणि यवत येण्याआधी हे गाव लागते. ऊस, कांदा, गुऱ्हाळांचा धूर, क्षितिजावर भुलेश्वराचा डोंगर. आणि पाणी म्हणाल तर विहिरीच्या तळाशी असेल तेवढे. अशा गावी आयुष्याची संध्याकाळ घालवण्यासाठी येऊन राहिलेल्या आम्हां उभयतांवर मासेमारीची एक जुनी होडी पारखण्याची वेळ यावी, हे प्रथम आम्हांलाच हास्यास्पद वाटले होते. पण ती वेळ आली, आणि तिने आम्हांला होडीपेक्षा आमच्याच अंतःकरणाविषयी अधिक शिकवले. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्यापैकी एकीचे माहेर उत्तनचे. भाईंदरच्या पश्चिमेला समुद्राच्या कडेने वसलेले हे कोळ्यांचे गाव आपल्या वाचकांना परिचित आहे. दुसऱ्याचे बालपण नगर जिल्ह्यातील मिशनच्या एका खेड्यात बैलांमागे गेले. दोघांनीही उभा जन्म शाळेत काढला. निवृत्तीच्या पैशांतून चार लाख रुपये आम्ही मुदत ठेवीत ठेवले होते. दुखणेबहाणे आले तर असावेत, आणि जमल्यास विहीर आणखी दोन परस खोल करावी, एवढाच त्यामागे विचार होता.

२०२३ च्या जून महिन्यात उत्तनहून भाच्याचा फोन आला. तो बारा वर्षे दुसऱ्यांच्या होड्यांवर खलाशी म्हणून राबत होता. मासळी विकली की आधी डिझेल, बर्फ आणि शिधा यांचा खर्च वजा होतो. मग होडीचा वाटा, जाळ्यांचा वाटा, आणि उरलेल्यातून माणसांचे वाटे. होडी आपली नसेल तर पदरात काय पडते हे कोळ्याच्या घरी सांगावे लागत नाही. गावातलाच एक नाखवा आपली होडी विकत होता. मागणी साडेअकरा लाखांची. बँकेकडून काही रक्कम मिळणार होती, काही सासुरवाडीहून. "आत्या, चार लाख कमी पडतात," तो म्हणाला, "तीन वर्षांत फेडीन. मामांना विचार."

त्या रात्री आमच्या घरात रोझरी झाली, पण मन रोझरीत नव्हते. एकीला वाटत होते की भावाच्या लेकराला आता नाही तर केव्हा मदत करायची? दुसऱ्याला वाटत होते की हे पैसे समुद्रात चालले. अखेर ठरले, की आधी होडी पाहू.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आम्ही उत्तनला पोहोचलो. १ जून ते ३१ जुलै या काळात आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते. होड्या किनाऱ्यावर ओढून, शाकारून ठेवलेल्या असतात. जुनी होडी पाहायची तर हाच काळ योग्य, असे आम्हांला मागाहून समजले. पाण्यात तरंगणारी होडी आपले पोट झाकून ठेवते. किनाऱ्यावर आलेल्या होडीला ते दाखवावेच लागते.

ती होडी पाहताच आम्ही हरखून गेलो, हे कबूल केले पाहिजे. निळा रंग इतका ताजा होता की त्याचा वास येत होता. नाळेवर पांढऱ्या रंगात क्रूस काढलेला, त्याखाली पवित्र मरियेचे नाव. भाच्याने फळीवरून असा हात फिरवला, की जणू ती त्याचीच झाली होती. मनाने माणूस वस्तू आधी विकत घेतो आणि डोळे तिला मागाहून पाहतात, हे आम्ही त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर वाचले.

आमच्याबरोबर नात्यातले एक वृद्ध तांडेल होते. वय ऐंशीच्या घरात. पन्नास वर्षे समुद्र केलेला. त्यांनी रंगाकडे पाहिलेच नाही. ते होडीच्या मागे दहा पावले गेले, वाळूत उकिडवे बसले आणि एक डोळा मिटून पठाणाची रेघ न्याहाळू लागले. पठाण म्हणजे होडीच्या तळाचा कणा. वर्षानुवर्षे लाटांवर आपटून आणि किनाऱ्यावर चुकीच्या टेकूंवर बसून हा कणा वाकतो. दोन्ही टोके खाली झुकतात आणि मध्य वर येतो. कणा वाकला की फळ्यांचे सांधे सुटू लागतात. मग कितीही कापूस ठासा, पाणी येतच राहते.

कणा सरळ दिसला. तांडेलबाबा उठले आणि हातोडीच्या दांड्याने फळीफळीवर ठोकत निघाले. निरोगी सागाचा आवाज टणक येतो, आत पोखरलेल्या लाकडाचा दबका. बाजारात कलिंगड घेताना आपण हेच करतो. एकदोन ठिकाणी त्यांचा हात थांबला. तेथे त्यांनी खिशातून दाभण काढून हलकेच टोचले. खिळ्यांच्या डोक्यांभोवती नव्या रंगाखालूनही काळसर वलये उमटलेली त्यांनी आम्हांला दाखवली. लोखंड गंजले की ते भोवतालचे लाकूडही खाते. सांध्यांतला कापूस आणि वरचे लुकण कोठे नवे, कोठे जुने, हे त्यांनी नखाने खरवडून पाहिले.

"बाबा, खाऱ्या पाण्याने लाकूड सडते ना?" आम्ही विचारले.

"खाऱ्या पाण्यात किडा असतो, तो पोखरतो," ते म्हणाले. "पण सडवतं ते पावसाचं गोडं पाणी, मास्तर. वरून झिरपतं, आत कोपऱ्यात बसून राहतं. म्हणून होडी बाहेरून बघितली की अर्धीच बघितली."

मग ते आत उतरले. मासळीच्या खणाखालच्या फळ्या त्यांनी उचलायला लावल्या. तळाशी सिमेंटचा एक थर होता, स्वच्छ आणि नवा. तांडेलबाबा त्या सिमेंटकडे बराच वेळ पाहत राहिले. इंजिनावर त्यांनी तळहात ठेवला. "कोमट आहे," एवढेच ते बोलले. थंड इंजिन पहिल्या प्रयत्नाला सुरू होते की नाही, सुरू झाल्यावर धूर किती वेळ आणि कोणत्या रंगाचा येतो, यावरून त्याचे आयुष्य कळते. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. पांढरा धूर थांबत नसेल तर पाणी आत जात असावे. काळा असेल तर डिझेल पुरते जळत नाही. आम्ही येण्यापूर्वीच कोणी तरी ते इंजिन चालवून गरम केले होते. तेलाची पट्टी मात्र स्वच्छ निघाली. तेलात पाणी मिसळून दुधाळ रंग आला नव्हता. ही जमेची बाजू.

येथे आमच्यातल्या शेतकऱ्याला आपला प्रांत दिसू लागला. बैलबाजारात दावणीला बांधलेला बैल कोणी विकत घेत नाही. त्याचे दात मोजतात, वशिंडाखाली हात घालून जुने घट्टे पाहतात, त्याला चालवतात, जमल्यास भरल्या गाडीला जुंपून पाहतात. विकणाऱ्याने शिंगांना रंग लावला असेल तर शहाणा गिऱ्हाईक पाय अधिक बारकाईने पाहतो. कागदांचेही तसेच. जमीन घेताना आपण सातबाऱ्यावरचा बोजा पाहतो. होडीलाही नोंदणी असते, मासेमारीचा परवाना असतो, बँकेचे कर्ज असते, मच्छीमार सोसायटीची बाकी असते. ही बाकी कोणी फेडायची हे व्यवहारापूर्वी लिहून घेतले नाही, तर होडीबरोबर तिचे कर्जही घरी येते.

जगात सर्वत्र माणसांना या कामाची गरज भासली आहे. लंडनमध्ये एडवर्ड लॉइड नावाच्या गृहस्थाच्या कॉफीगृहात जहाजांचे विमे उतरवणारी मंडळी जमत असत. दूरच्या जहाजाची भलावण त्याच्या मालकाच्या तोंडून ऐकून विमा कसा उतरवावा? म्हणून १७६० साली त्यांनी जहाजे तपासून नोंदवण्यासाठी एक मंडळ स्थापले. त्यांच्या १७६४ च्या नोंदवहीत जहाजाच्या सांगाड्याला इंग्रजीतील पाच स्वरांपैकी एक अक्षर दिलेले असे. 'ए' म्हणजे उत्तम आणि 'यू' म्हणजे निकृष्ट. आज युरोप-अमेरिकेत सहलीची जुनी शिडाची नौका घेणारा मनुष्यही प्रथम स्वतःच्या पैशाने तपासनीस नेमतो, नौका पाण्याबाहेर काढायला लावतो आणि मगच पैशांचे बोलतो. तपासनीस विकणाऱ्याचा असता कामा नये, हे त्यातले मर्म आहे. आमचे तपासनीस तांडेलबाबा होते आणि त्यांची दक्षिणा एक कप चहा होती.

संध्याकाळी त्यांच्या ओटीवर हिशेब झाला. गावचा सुतारही आला होता. फळ्या आणि फासळ्या बदलण्यास त्याच्या अंदाजाने साडेतीन लाख, इंजिनाच्या कामाला दीड लाख. म्हणजे साडेअकराची होडी साडेसोळाला पडणार. तशीच पण धडधाकट होडी त्या वर्षी गावात चौदाला गेली होती. चौदातून दुरुस्तीचे पाच वजा केले की नऊ उरतात. "त्यातूनही एक काढा," तांडेलबाबा म्हणाले, "कारण एक फळी काढली की तिच्या शेजारची बोलायला लागते." हा साधा हिशेब आम्हांला फार मोलाचा वाटला. जुन्या वस्तूची किंमत मागणाऱ्याच्या आकड्यावरून खाली उतरत ठरवायची नसते. ती चांगल्या वस्तूच्या किमतीवरून, दिसणारा खर्च आणि न दिसणारा धोका वजा करून ठरवायची असते.

दुसऱ्या दिवशी आम्ही नाखव्याला एकच विनंती केली. नाळ आणि पठाण जेथे मिळतात तेथली एक फळी उघडू द्यावी. व्यवहार झाला नाही तर फळी बसवण्याची मजुरी आम्ही देऊ. तो प्रथम रागावला. मग गप्प झाला. शेवटी म्हणाला, "उघडा." फळी निघाली. तांडेलबाबांनी दाभण टेकवले आणि ते मुठीपर्यंत आत गेले. लोण्यात जावे तसे.

वाचकहो, आता जे सांगायचे आहे ते सोपे नाही. ते दाभण आत शिरले तेव्हा भाच्याचा चेहरा उतरला, नाखव्याने मान खाली घातली, आणि आमच्यातल्या एकाच्या मनाला बरे वाटले. पैसे वाचले, असे वाटले. ते समाधान क्षणभराचेच होते. पण ते होते, आणि दुसरीने ते डोळ्यांत पाहिले.

नाखवा पावणेदहापर्यंत खाली आला. तांडेलबाबांनी मान हलवली. "पैशाचा सवाल नाही. फळी बदलता येते, फासळी बदलता येते. कण्याचा सांधा गेला म्हणजे नवी होडी बांधण्यासारखं आहे." नाखवा वाईट माणूस नव्हता. मध्यस्थाच्या सांगण्यावरून त्याने रंग दिला होता. मुलीच्या शिक्षणाचे कर्ज डोक्यावर होते. त्याने आमची मजुरी घेतली नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच या प्रश्नाचा विचार केला आहे. वस्तूत झाकलेला दोष असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याला धोका किंवा हानी पोहोचणार असेल, तर विकणाऱ्याने तो सांगितलाच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. पण अडलेल्या मनुष्याला ही शिकवण किती जड जाते हे आम्ही त्या ओल्या वाळूत उभे राहून पाहिले.

निघताना भाचा एवढेच म्हणाला, "मामा, तुम्हांला पैसे द्यायचेच नव्हते. होडीचं निमित्त मिळालं." त्यावर उत्तर देता आले असते. दाभण त्याने पाहिले होते, सांधा त्याने पाहिला होता. परंतु त्याचे म्हणणे अर्धे खरे होते, म्हणून आम्ही उत्तर दिले नाही. परतीच्या प्रवासात आम्ही दोघे एकमेकांशीही फारसे बोललो नाही. नाताळला त्याचा फोन आला नाही. आम्हीही केला नाही.

त्या महिन्यांत आम्ही लूकच्या शुभवर्तमानातला तो दाखला पुन्हा पुन्हा वाचला: बुरूज बांधू पाहणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, तो. त्याचा आधार घेऊन आम्ही आपले समर्थन करू पाहत होतो. पण त्याच शुभवर्तमानात प्रभू येशू शिमोनाच्या होडीत बसतो आणि तिला खोल पाण्यात न्यायला सांगतो. हिशेबही त्याचाच आणि खोल पाणीही त्याचेच. आम्ही हिशेब केला होता. खोल पाण्यात जाण्याची वेळ आल्यावर मात्र हिशेबाच्या आडोशाला बसलो होतो. ती होडी नाकारणे योग्यच होते. परंतु ती नाकारून घरी येताना "दुसरी शोध, आम्ही आहोत," हे दोन शब्द आम्ही बोललो नाही. दोष तेथे होता.

२१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात, करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी यांच्या दरम्यान, वादळी वाऱ्यात प्रवासी होडी उलटली आणि सहा जणांचा अंत झाला. कासुर्डीहून सोलापूरच्या दिशेने याच रस्त्याने गेले की ते पाणी लागते. आमच्या तालुक्यात मुळा-मुठा भीमेला मिळते आणि तेच पाणी पुढे उजनीत साठते. होडी नसलेल्या आमच्या गावातही त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. वाऱ्यापुढे चांगली होडीही उलटू शकते. पण होडीचे मोल म्हणून आपण जो आकडा बोलतो, त्यात आत बसणाऱ्यांचे प्राण धरलेले नसतात, हे त्या आठवड्यात फार जवळून जाणवले.

आणि तिसऱ्या दिवशी उत्तनहून फोन आला. "आत्या, बातमी वाचली. तुमच्या बाजूलाच ना?" मग थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग तो म्हणाला, "त्या होडीचं इंजिन विकलं त्यांनी. लाकूड फोडलं. सगळा सांधा गेला होता." या वेळी आम्ही चूक केली नाही. "दुसरी शोध," आम्ही म्हणालो, "आम्ही आहोत."

१९८६ साली गालील सरोवराचे पाणी दुष्काळामुळे ओसरले तेव्हा चिखलात एक प्राचीन होडी सापडली. प्रभू येशूच्या काळातली, पहिल्या शतकातली. सुमारे सव्वाआठ मीटर लांब आणि सव्वादोन मीटर रुंद. अभ्यासकांनी तिचे लाकूड तपासले तेव्हा ते दहाहून अधिक जातींचे निघाले. काही तुकडे आधीच्या होड्यांतून काढून बसवलेले होते. ठिकठिकाणी डागडुजी झाली होती. कोणा गरीब कोळ्याने हाती येईल ते लाकूड लावून ती वर्षानुवर्षे चालवली होती. ती होडी शिष्यांची होती असे कोणीही म्हणू शकत नाही. पण पेत्राची होडी याहून फार निराळी असेल असे आम्हांला वाटत नाही. जुने असणे, ठिगळ असणे हा होडीचा कमीपणा नव्हे. ठिगळ रंगाखाली लपवले की मात्र ते फसवणूक होते.

जुलैत आम्ही पुन्हा उत्तनला गेलो. या वेळची होडी लहान होती, अठरा वर्षांची, आणि रंग जागोजागी उडालेला. तिचा म्हातारा मालक स्वतःच आम्हांला हाताला धरून तिच्याभोवती फिरला. "इथून पाणी येतं, दिवसाला दोन बादल्या. ही फळी दोन वर्षांनी बदलावी लागेल. इंजिन थंड आहे, तुम्हीच चालू करा." तांडेलबाबा त्या वर्षी आजारी होते, येऊ शकले नाहीत. दाभण भाच्याच्या खिशात होते. त्याने दहा पावले मागे जाऊन, उकिडवे बसून, एक डोळा मिटला. मग तासभर तो तिच्या पोटाखाली होता. बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांत जुना कापूस अडकला होता. मालकाने न सांगितलेला एकही दोष त्याला सापडला नव्हता.

मागणी सव्वासहा लाखांची होती. आम्ही घासाघीस केली नाही. आम्ही तीन लाख दिले, कागद केला, व्याज लावले नाही. विहिरीचे दोन परस तसेच राहिले. ऑगस्टमध्ये फादरांनी होडीला पवित्र पाणी शिंपडून आशीर्वाद दिला. नावही भाच्याने बदलले नाही. जुन्या मालकाने ठेवलेलेच राहू दिले.

आता महिन्यातून दोन-तीनदा फोन येतो. कासुर्डीत आम्ही अंगणात बसलेलो असतो, उसाच्या पलीकडून महामार्गाचा आवाज येत असतो, आणि तो सांगतो, "आत्या, आलो." पैशांची चौकशी आम्ही करीत नाही, तो आपणहून हप्ते पाठवतो, कधी वेळेवर, कधी उशिरा. आमचा प्रश्न एकच असतो.

"पाणी किती येतं रे?"

"दोन बादल्या."

"मागल्या महिन्यात?"

"तेव्हाही दोनच, मामा."